‘जरा अभ्यास करून लिहा’ म्हणणाऱ्या वाचकास

सूर्याचे अभ्यासक युजीन पार्कर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक स्पष्टवक्ता’ यांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: पार्कर यांच्या १९५८च्या सौरवाऱ्याच्या (म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाच्या) निबंधाहून जास्त सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांतले संदर्भ, आज एखाद्या यानावरच्या कॅमेऱ्याच्या निबंधाला मिळतात, तेव्हा ‘युगप्रवर्तक’ वगैरे विशेषणं भाबडी आहेत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बियरमान यांच्यावर मी अन्याय केला. सुरुवातीला मीच सायटेशन्सचा आकडा मिरवतो आणि शेवटी आकडे निरर्थक म्हणतो. भारताचा उल्लेख नाही. आणि मग, ‘जरा अभ्यास करून लिहीत जा.’

महाशय, मतभेद समजू शकतो. हा सूर समजत नाही. पार्कर यांनीच पुढे अनेकदा सांगितलेली आठवण आहे: त्यांचा तो निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे गेला तेव्हा एका परीक्षकाने साधारण हेच सुचवलं होतं की लेखकाने आधी ग्रंथालयात जाऊन विषय वाचावा. दुसऱ्याचंही मत प्रतिकूलच होतं. संपादक होते आपले चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक कुणी दाखवू शकलं नाही, म्हणून त्यांनी निबंध छापला. मी काही पार्कर नव्हे, हे मलाही कळतं. तरी सूर ओळखीचा वाटला एवढंच.

आता तुमचं कॅमेऱ्याचं वाक्य. तुमचा रोख बहुधा नासाच्या एसडीओ या सूर्याचा वेध घेणाऱ्या यानावरच्या एआयए या कॅमेऱ्याकडे आहे. २०१२च्या त्या निबंधाला सायटेशन्स प्रचंड आहेत, मान्य. का आहेत? त्या कॅमेऱ्याची चित्रं जो वापरतो त्याला तो निबंध उद्धृत करावाच लागतो. ते सौजन्य आहे, रास्तही आहे. पण त्यावरून कल्पनेचं वजन कसं काढणार?

उलट पार्कर यांचं पाहा. सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञाच्या गणितात सूर्याचा करोना, म्हणजे त्याचं बाहेरचं अतितप्त वातावरण, स्थिर होता. पार्कर यांनी दाखवलं की दहा लाख अंशांचा करोना स्थिर धरला, तर फार दूरवरही इतका दाब उरतो की ताऱ्यांमधला विरळ वायू तो पेलू शकत नाही. म्हणजे करोना सतत बाहेर वाहायलाच हवा, आणि ध्वनीच्या वेगाला मागे टाकून. १९६२मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ने तो वारा वाटेत सलग मोजला. त्यानंतर विषयच बदलला. आज कुणी ‘पार्कर सर्पिल’ (सौरवाऱ्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या सूर्याच्या चुंबकीय रेषांचा नागमोडी नव्हे, चक्राकार आकार) लिहितो तेव्हा १९५८चा निबंध तळटीपेत देतोच असं नाही. नाव विशेषण होऊन बसलं की मोजणी थांबते. तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात येतं?

आणि सायटेशन म्हणजे शाबासकीच असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? १९५७चं स्वीट–पार्कर प्रतिमान घ्या. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जाण्याचा त्यातला वेग फारच कमी निघतो. सौरज्वाला मिनिटांत भडकते, या हिशोबाने तिला महिने लागतील. म्हणून १९६४मध्ये पेट्शेक यांनी वेगळी वाट सुचवली. आजही कित्येक निबंध स्वीट–पार्कर उद्धृत करतात ते ‘हे पुरत नाही’ एवढं म्हणण्यासाठी. आकडा मात्र वाढतोच. इकडे २०१५चा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा निबंध पाच हजारांहून अधिक लेखकांचा, आणि पार्कर यांचा १९५८चा निबंध एकट्याच्या नावावर. लावा एकाच तराजूत!

हे मी पुस्तकातून उचलून सांगत नाही. विद्यार्थीदशेत सायटेशन इंडेक्सचे ते जाडजूड खंड भिंग धरून चाळले आहेत. नंतर आयुष्यभर महाविद्यालयात शिकवलं आणि बढतीसाठी लागणाऱ्या एपीआय गुणांचे तक्ते भरले. पैसे मोजून निबंध छापून आणणाऱ्या सहकाऱ्याला बढती मिळालेली पाहिली. ज्यांच्या टेबलाभोवती मुलं अंधार पडेपर्यंत शंका विचारत उभी असत, ते शिक्षक मात्र गुण कमी पडले म्हणून आहे त्याच पदावर राहिले. तेव्हा आकड्यांचं माहात्म्य मला शिकवू नका. तुम्ही काय शिकवता, कुठे शिकवता, हे टोपणनावाआडून कळायला मार्ग नाही.

बियरमान यांचा मुद्दा बरोबर आहे. धूमकेतूंच्या शेपट्यांवरून सूर्यापासून सतत कण निघत असावेत हे त्यांनी पार्कर यांच्या आधीच मांडलं होतं, आणि मी त्यांना एका ओळीत आटोपलं. आणखी एक ओळ द्यायला हरकत नव्हती.

लेखातल्या तथाकथित विसंगतीबद्दल: वाचकाला आत आणण्यासाठी आकडा द्यावा लागतो. यात विसंगती शोधायचीच असेल तर शोधा.

राहिला भारत. पार्कर यांच्या हाताखाली शिकागोत पीएच.डी. केलेले अर्णब राय चौधुरी पुढे बंगळूरूच्या आयआयएससीत सौर डायनॅमोवर, म्हणजे सूर्याचं चुंबकीय क्षेत्र कसं निर्माण होतं यावर, काम करत राहिले. २ सप्टेंबर २०२३ला निघालेल्या आदित्य-एल१ या भारतीय यानावर सौरवारा मोजणारं ॲस्पेक्स हे उपकरण आहे, आणि सूर्याची अतिनील चित्रं घेणारी सूट दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुकात घडली. हे सगळं मूळ लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत आहे. तिथपर्यंत आपण पोचला नसाल.