अकराशे सह्या आणि सदतीस सभासद

गेल्या सप्टेंबरात आमच्या गावचं वाचनालय बंद करायचा ठराव झाला तेव्हा सभेला अकरा माणसं होती. ठराव अगदी रीतसर. नोटीस पंधरा दिवस आधी पोस्टाने गेलेली, गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली आणि त्याच जागी पुन्हा भरवली. घटनेत तसंच लिहिलंय. मी आजीव सभासद आहे. १९९४ साली ५०१ रुपये भरले होते, पावती अजून कपाटात आहे. नोटीस मलाही आली होती. ती नंतर सापडली, एका जुन्या दिवाळी अंकात. कथा अर्धी राहिली म्हणून खूण घातली होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. कोकणातलं तालुक्याचं गाव. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही. पेठेतली कौलारू इमारत, वर लाकडी माडी, पावसाळ्यात चरित्रांच्या कपाटापाशी ठेवलेली बादली. ठराव असा होता की इमारत धोकादायक आहे, ती पाडून जागा विकसकाला द्यावी, तळमजल्यावर गाळे निघतील, वाचनालयाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळतील आणि तोवर वाचनालय 'तात्पुरते' बंद राहील. आमच्या गावात तात्पुरती बंद झालेली एक टॉकीज होती. आता तिथे मंगल कार्यालय आहे.

बातमी फुटली आणि फेसबुकवर हळहळीचा पूर आला. मुंबईतले, पुण्यातले, एक जण तर थेट शारजातला. 'इथेच वाचनाची गोडी लागली', 'त्या पुस्तकांचा वास अजून नाकात आहे', 'आपली संस्कृती संपत चालली'. व्हॉट्सअॅपवर बचाव समितीचा गट निघाला, त्यात दोन दिवसांत दोनशेच्या वर माणसं. गणपतीला गावी आलं की वाचनालयाच्या पायरीवर फोटो काढायचा आणि आत न जाता पुढे माशांच्या बाजाराकडे वळायचं, असं वर्षानुवर्षं करणारी मंडळी एकदम लढाऊ झाली. मीही त्यातलाच. फरक एवढाच की मी गावातच राहतो, त्यामुळे माझी लाज थोडी जास्त.

आम्ही सह्या गोळा केल्या. कागदावर आणि ऑनलाइन मिळून अकराशेच्या वर. गठ्ठा घेऊन पाच जण जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, गठ्ठा चाळला आणि शांतपणे विचारलं, "यातले वाचनालयाचे सभासद किती?"

आम्हाला माहीत नव्हतं. परत येऊन नोंदवहीशी ताडून पाहिलं. सदतीस.

साहेबांनी दुसरी गोष्ट समजावली, ती गावातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. हे वाचनालय सरकारी नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली सरकार मान्यता देतं, वर्ग ठरवतं, तपासणी करतं आणि अनुदान देतं. मालकी संस्थेची, म्हणजे सभासदांची. बंद करायचं की चालू ठेवायचं हे सर्वसाधारण सभा ठरवते. जागा विकायची झाली तर विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तो अर्ज अजून गेलेला नव्हता. म्हणजे वेळ होता. पण 'शासनाने लक्ष घालावे' असं आम्ही निवेदनात आठ वेळा लिहिलं होतं, ते सगळं वाया. लक्ष आम्हीच घालायचं होतं, तेही सप्टेंबरात, संध्याकाळी पाच वाजता.

सरकारला यातून मोकळं सोडावं असं मी म्हणत नाही. आकडे बघा. आमचं वाचनालय तालुका 'ब' वर्गातलं. २०१२ पासून दहा वर्षं अनुदानाचा दर एकच, वर्षाला २ लाख ८८ हजार. नोव्हेंबर २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली, ४ लाख ६० हजार ८०० झाले. खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयांना तर ३० हजारांचे ४८ हजार, वर्षाला. आमच्याकडे निम्मी रक्कम पगारावर जाते. म्हणजे महिन्याला १९,२०० रुपये, तिघांत. ग्रंथपाल ताईंना ८,५००, लिपिकाला ६,०००, शिपायाला ४,७००. ताई सव्वीस वर्षं हे काम करताहेत. वर हे पैसे दरमहा येत नाहीत, हप्त्याने येतात, त्यामुळे मधले महिने उधारीवर. तमिळनाडूत, कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर असतो, तो पैसा हक्काचा. गोव्याने तर १९९३ च्या कायद्यात दारूवरच अधिभार ठेवला. आमच्याकडून शनिवारी बांद्यापलीकडे जाऊन येणारी मंडळी गोव्यातल्या वाचनालयांना नकळत हातभार लावत असतात, पेठेतल्याला मात्र नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही.

आता कार्यवाहांबद्दल. गटावर त्यांना काय काय म्हटलं गेलं ते इथे लिहीत नाही. बिल्डरला विकले गेले हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षं वाचनालयाचं विजेचं बिल खिशातून भरत होते, हे ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "बारा वर्षं कार्यवाह आहे. दरवर्षी सभेत विचारतो, कुणाला हे पद हवंय का? वर बघत नाही कोण. माडी कोसळून एखादं पोर मेलं तर सही माझी आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा ठराव चुकीचा होता असं मला आजही वाटतं. पण अकरा जणांपैकी ते एक होते आणि मी नव्हतो.

मग कुणीतरी इंग्लंडमधली एक गोष्ट गटावर टाकली. मिल्टन कीन्सजवळ स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाचं गाव आहे. २०११ च्या जानेवारीत तिथलं वाचनालय बंद करायचा प्रस्ताव आला, तर लोकांनी आपापल्या कार्डावर कमाल मर्यादेइतकी, म्हणजे पंधरा-पंधरा पुस्तकं नेऊन सगळी फडताळं रिकामी केली. जवळपास सोळा हजार पुस्तकं. वाचनालय वाचलं. आपणही करू, असं ठरलं! गट नुसता पेटला. दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, "न्यायला कार्डं कुणाची?" आमच्याकडे एका कार्डावर एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं. चालू सभासद शहाण्णव. फार तर शहाण्णव पुस्तकं हलली असती.

पण त्या फजितीतूनच खरं काम सुरू झालं. अनामत ३०० आणि महिना ५० रुपये. फॉर्म घेऊन आम्ही दारोदार फिरलो. सह्या करणाऱ्यांत जे गावात राहतात त्यांच्याकडे आधी गेलो. 'सही केली की हो', असं ज्या सुरात सांगतात ना, तो सूर मी जन्मात विसरणार नाही. जणू पोलिओचा डोस झालाय, पुन्हा कशाला! मासळीवाल्या दोघी जणींनी मात्र मुलांसाठी तिथल्या तिथे पैसे काढून दिले. फेब्रुवारीपर्यंत आकडा ३१२ वर गेला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहितोय.

माडीवर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, तलाठी भरती करणारी पंचवीस-तीस मुलं-मुली सकाळी सातपासून तिथे बसलेली असतात. वाड्या-वस्त्यांवरून पहिल्या एसटीने येतात, डबा आणतात. आम्ही साहित्यप्रेमी या मुलांकडे कसं बघतो ते प्रामाणिकपणे सांगतो. 'ही काय वाचतात? चालू घडामोडी. यांना कादंबरी देऊन बघा.' बचाव समितीच्या पहिल्या बैठकीत एका सन्माननीयांनी अभ्यासिका बंद करून तिथे कविसंमेलन भरवावं अशी सूचना मांडली होती. टाळ्याही पडल्या.

डिसेंबरात पुस्तकांची पडताळणी करायची ठरली. नक्की आहे काय हे कळल्याशिवाय सभेत बोलणार काय? दाखल नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक घ्यायचा आणि कपाटातलं पुस्तक शोधायचं. समितीतले सात जण पहिल्या दिवशी आले, चौथ्या दिवशी दोन उरले. धुळीने शिंका, वाळवी, कसर. ताईंनी माडीवर जाऊन नुसतं सांगितलं आणि दुपारच्या डब्यानंतर मुलं खाली उतरली. रोज दोन तास, बावीस दिवस. एक जण क्रमांक वाचणार, दुसरा शोधणार, तिसरा खूण करणार. नोंदवहीत १८,४०० पुस्तकं, हाताला लागली १४,९००. साडेतीन हजार कुठे गेली? काही वाळवीने खाल्ली. काही आमच्यासारख्यांच्या घरी आहेत. माझ्याकडे दोन निघाली.

त्या मुलांत पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी होती. गठ्ठे उचलण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. एकदा शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी दाखवून म्हणाली, "काका, हे १९८३ नंतर कोणी नेलंच नाही. मग ठेवलंय कशाला? आम्हाला टेबल मांडायला जागा नाही." मी तोंडभर वारसा, ठेवा वगैरे बोलायला लागलो आणि मध्येच थांबलो. पुस्तक होतं साठ सालच्या कुठल्याशा पाठ्यपुस्तकाचं गाइड. दुर्मीळ म्हणावीत अशी पुस्तकं आमच्याकडे दीडशेही नाहीत. ती जपायलाच हवीत. पण फाटकी, कालबाह्य, आठ-आठ प्रतींतली पुस्तकं बाद करायला आमचा हात धजत नाही, आणि जिवंत वाचक जिन्यात बसून अभ्यास करतो. इमारत पाडायला निघालेल्यांच्या विरोधात आम्ही उभे होतो, पण आतली जागा आम्हीच अडवून ठेवली होती.

फेब्रुवारीत सभासदांच्या मागणीवरून विशेष सर्वसाधारण सभा लागली. तिथे नवीन घोळ. घटनेप्रमाणे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय नव्या सभासदाला मत नाही. म्हणजे आमचे घामाचे दोनशे सोळा सभासद मुके! मग आजीव सभासदांची यादी काढली. १६३ नावं, त्यातली साठेक माणसं या जगात नाहीत. उरलेल्यांना एकेक करून फोन. इथे मात्र चाकरमान्यांबद्दल जे वर लिहिलं त्यातलं थोडं मागे घेतो. नऊ जण तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सभेला आले, मत दिलं, पायरीवर फोटोही काढला. काढू दे.

अभ्यासिकेतली मुलं मत नसतानाही मागे भिंतीला टेकून उभी होती. पडताळणीचा तक्ता त्यांच्यातल्याच एकाने वाचून दाखवला. दोन तास भांडण झालं. ४१ विरुद्ध १४ मतांनी सप्टेंबरचा ठराव एक वर्षासाठी स्थगित झाला. कार्यवाहांनी विरोधात मत दिलं आणि सभा संपल्यावर कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आता कोण घेतंय?" त्या शांततेत मला माझं नाव ऐकू आलं. ताईंनी घेतलं होतं.

तर हल्ली विजेचं बिल माझ्या नावावर येतं. विकसकाचा प्रस्ताव मेलेला नाही, सप्टेंबरात पुन्हा येईल, आणि तेव्हा त्याला उत्तर म्हणून आमच्याकडे दुरुस्तीचा खर्च आणि हिशेब असावा लागेल. अभियंत्याने पाहणी केली आहे, माडीचे चार वासे बदलायचे आहेत, भिंती ठीक आहेत. देणग्या सव्वा लाखापर्यंत आल्या. बाद पुस्तकांची यादी मंडळापुढे आहे, त्यावरही भांडण होणार. पोलीस भरतीवाल्या त्या मुलीची मैदानी चाचणी झाली, लेखी बाकी आहे.

पाऊस पंधरा दिवसांवर आला. या रविवारी सकाळी सात वाजता कौलं परतायला घेतोय. दोन शिड्या आहेत, सुतार आहे, ताई पोहे करणार आहेत. माडीवरची सहा मुलं येतो म्हणालीत, समितीतून आत्तापर्यंत मी एकटा. अजून चार माणसं लागतील. कमेंटमध्ये 'येतो' लिहू नका, या.