अकाउंट्सची भरती: एजन्सीकडून की आपण स्वतः?

अकाउंट्समधल्या कुणी राजीनामा दिला की मालक पहिला फोन एजन्सीला करतात. फी ऐकली की फोन ठेवतात आणि म्हणतात, एवढे पैसे घालवायचे तर आपणच जाहिरात टाकू. मग आलेल्या बायोडेटांचा ढीग उपसता उपसता नाकी नऊ आले की पुन्हा एजन्सीला फोन. हा हेलपाटा मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता कुणी "एजन्सी बरी की आपण बरं?" असं विचारलं की मी उलट विचारते: आलेल्या माणसाला काम येतं की नाही हे तुमच्याकडे कोण तपासणार आहे?

याचं उत्तर तयार असेल तर दोन्ही रस्ते चालतात. नसेल तर दोन्ही फसतात, फक्त एका रस्त्यावर फीसुद्धा जाते.

मी फायनान्समध्ये काम करते, मुलाखती घ्यायला बसते, एजन्सीवाल्यांशी बोलणं तर नेहमीचंच. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्यातले काही जण खरोखर हुशार आहेत. पण ते काय विकतात आणि आपण काय विकत घेतोय असं समजतो, यात मोठी तफावत आहे.

एजन्सी विकते ती पोहोच. जो माणूस नोकरी शोधत नाही, जाहिराती वाचत नाही, अशाचा नंबर त्यांच्याकडे असतो आणि त्याला फोन करायचा धीरही असतो. पारख मात्र त्यांच्या मालात नसते. आयएफआरएस 16 चंच घ्या. भाडेकरारांचा हिशेब बदलणारं हे आंतरराष्ट्रीय हिशेब-मानक जानेवारी 2019 पासून लागू झालं, आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या बायोडेटात "आयएफआरएस 16 ची अंमलबजावणी केली" हे वाक्य आहे. एजन्सीतल्या मुलाला तो शब्द दिसतो, तो खूण करतो आणि बायोडेटा पुढे पाठवतो. त्या माणसाने डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या भाड्यांची आजची किंमत काढायचा दर, स्वतः ठरवला होता, की नुसते करार गोळा करून एक्सेलमध्ये यादी केली होती, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तुम्ही दोन प्रश्न विचारले की पाच मिनिटांत कळतं. अर्थात, ते दोन प्रश्न विचारता येणारं कुणीतरी तुमच्याकडे हवं.

आता फीबद्दल. कुठे एका महिन्याचा पगार, म्हणजे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, कुठे 15-20, आणि वरच्या पदांसाठी 30 टक्क्यांच्या आसपास. बहुतेक वेळा माणूस रुजू झाला तरच पैसे द्यायचे असतात. मोठ्या पदांसाठी आगाऊ रक्कम घेऊन, टप्प्याटप्प्याने बिल लावून शोध घेणाऱ्या वेगळ्या. लोकांना वाटतं, फी पगाराच्या टक्क्यांत असल्यामुळे एजन्सी पगार फुगवते. मला तसं फारसं दिसलेलं नाही. पगार दहा टक्क्यांनी वाढला तर तिची फीही दहा टक्क्यांनीच वाढते, पण सौदा मोडला तर सगळीच बुडते. त्यामुळे तिचा खरा कल असतो तो लवकर जमवून टाकण्याकडे. "सर, माणूस चांगला आहे, दुसरीकडेही ऑफर आहे, उद्यापर्यंत सांगा" हे वाक्य तिथून येतं. तिकडे उमेदवारालाही तेच सांगितलं जात असतं. यात लबाडीच असते असं नाही. ज्या पद्धतीने पैसे मिळतात त्या पद्धतीने माणसं वागतात.

म्हणूनच एक पद चार एजन्सींना देणं मला वेडेपणा वाटतो. चौघींपैकी प्रत्येकीला ठाऊक असतं की आपला नंबर लागण्याची शक्यता कमी, मग ती मेहनत कशाला घेईल? हाताशी आहेत ते बायोडेटा सगळ्यांत आधी पाठवायची शर्यत लागते. एकच उमेदवार दोघींकडून येतो आणि फी कुणाची यावरून पुढे ईमेलांची लढाई जुंपते. द्यायचं तर एकीलाच द्या, मुदत घालून द्या, आणि पहिल्या दिवशी तासभर बसून काम काय आहे ते समजावून सांगा. तेवढा वेळ नसेल तर मग तक्रारही करू नका.

आता पारखीकडे येते.

कॅशबुक किंवा बँक रिकन्सिलिएशनच्या (म्हणजे बँकेचा आणि आपला हिशेब जुळवून पाहण्याच्या) जागेसाठी मी गप्पांची मुलाखत शेवटी ठेवते. आधी एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचं लेजर समोर ठेवते. दोन्ही बनावट, पण अस्सल वाटावीत अशी. त्यात नेहमीचे फरक असतात: न वटलेला चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, महिनाअखेरीस भरलेली आणि अजून जमा न दिसणारी रक्कम. शिवाय दोन खोड्या. एका ठिकाणी 5,463 च्या जागी 5,643 लिहिलेलं असतं. फरक 180. नऊने भाग जाणारा फरक दिसला की मुरलेला अकाउंटंट लगेच आकड्यांची अदलाबदल शोधायला लागतो, कारण आकडे उलटे पडले की फरकाला नऊने भाग जातोच. दुसरी खोडी जास्त मोलाची. एकाच सप्लायरला एकच रक्कम दोनदा गेलेली असते, एकदा इन्व्हॉइस नंबर 0147 म्हणून आणि एकदा नुसता 147 म्हणून. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन वेगळे नंबर असतात, त्यामुळे ते सहसा अडवत नाही. माणसाच्या नजरेला ते खुपायला हवं.

गंमत म्हणजे कुणी किती फरक शोधले यावर मी फारसे गुण देत नाही. वेळ संपताना शिल्लक राहिलेल्या फरकाचं तो काय करतो, हे मी बघते. एक जण तो सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, टाकतो आणि ताळा जुळवून कागद हसतमुखाने परत देतो. दुसरा खाली लिहितो: "एवढा फरक सापडला नाही, सप्लायरचं स्टेटमेंट मागवावं लागेल." मला दुसरा हवा असतो, मग त्याने पहिल्यापेक्षा दोन फरक कमी का शोधलेले असेनात. जुळत नाही तिथे "जुळत नाही" लिहिण्याची हिंमत बायोडेटात दिसत नाही, आणि कुठलीच एजन्सी ती गाळून देऊ शकत नाही.

हा फक्त माझा हट्ट नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारणं (आखीव मुलाखत) या पद्धती त्यात वरच्या ठरल्या; अनुभवाची वर्षं पार खाली, 0.18 वर. (निवडीच्या वेळचा अंदाज आणि पुढचं काम यांचा मेळ किती, याचा हा आकडा; 1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही.) 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे नव्या हिशेबाने तपासले. जवळपास सगळेच आकडे खाली आले. आखीव मुलाखत 0.42 वर सर्वांत पुढे राहिली, अनुभवाची वर्षं 0.07 वर घसरली. आणि आपण जाहिरातीत पहिली ओळ काय लिहितो? "3 ते 5 वर्षांचा अनुभव आवश्यक." एजन्सीलाही पहिली चाळणी तीच लावायला सांगतो. चाळणीच चुकीची लावली की मग ती आपण हलवली काय आणि एजन्सीने हलवली काय!

त्यापेक्षा काम लिहा. "महिना संपल्यावर पाचव्या दिवसापर्यंत तीन बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन पूर्ण करणं, येणी किती दिवसांची थकली आहेत याची यादी दर आठवड्याला काढणं, प्रोव्हिजन्सचे कागद ऑडिटसाठी लावून ठेवणं." असं लिहिलं की अर्ज कमी येतात, पण येतात ते वाचून आलेले असतात.

स्वतः भरती करण्याचंही फार कौतुक नको. सगळ्यांचा आवडता मार्ग म्हणजे ओळखीतून माणूस घेणं. फुकट, झटपट, आणि आणणाऱ्याची जबाबदारी. इतर खात्यांत मी याला हात जोडून हो म्हणेन. फायनान्समध्ये मात्र एक प्रश्न आधी: नव्या माणसाच्या एंट्रीवर सही कोण करणार? ज्याने त्याला आणलं तोच करणार असेल, तर पेमेंट तयार करणारा आणि मंजूर करणारा या दोघांत जे अंतर आपण मुद्दाम ठेवतो ते पहिल्याच दिवशी मिटलं. दोघेही सज्जन असतील, पण व्यवस्था सज्जनपणावर चालवायची नसते. ओळखीतून घ्या, पण वेगळ्या साखळीत बसवा.

आणि "आपलाच माणूस, आपल्याला माहीत आहे" याचं काय होतं त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण लंडनच्या बेअरिंग्ज बँकेचं आहे. तिला बुडवणारा निक लीसन बाहेरून आलेला अनोळखी नव्हता, बँकेच्याच आतला होता. लंडनमध्ये सौदे करण्याच्या त्याच्या परवान्याच्या अर्जात न फेडलेल्या रकमेबद्दलचा कोर्टाचा निकाल सांगितलेला नव्हता. ते उघड झाल्यावर तो अर्ज पुढे गेला नाही. तरीही सिंगापूरला पाठवून त्याच्याकडे सौदे करणं आणि त्याच सौद्यांचा हिशेब ठेवणं ही दोन्ही कामं दिली गेली. 88888 क्रमांकाच्या खात्यात तोटा साठत गेला आणि 1995 मध्ये 827 दशलक्ष पौंडांच्या खड्ड्यात बँकच गेली. तिथे माहिती हाताशी होती, ती पाहून थांबणारं कुणी नव्हतं.

जुन्या मालकाकडे चौकशी करण्याचं कामही मी एजन्सीवर सोडत नाही, कारण निकाल "चांगला नाही" असा आला तर तिचीच फी जाते. फोन आपण करायचा, एचआरला करायचा नाही, थेट वरिष्ठाला करायचा. "कसा होता?" असं विचारलं की "छान होता" एवढंच मिळतं. "शेवटचं क्लोजिंग, म्हणजे हिशेब बंद करणं, किती दिवसांत झालं? ऑडिटरने काढलेल्या मुद्द्यांना उत्तरं कोण देत होतं? तो रजेवर गेल्यावर त्याचं काम कोण करायचं?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. शेवटच्या प्रश्नाला "तो रजाच घेत नसे" असं कौतुकाने सांगितलं गेलं, तर मी दोन प्रश्न जास्त विचारते, कारण काही लपवणाराही आपलं काम दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही.

मग एजन्सीला मी पैसे कधी देते? तीन वेळा, आणि तेव्हा घासाघीस न करता. एक, बसलेल्या फायनान्स प्रमुखाला बदलायचं असतं आणि त्याला कळता कामा नये, तेव्हा. तिथे जाहिरात टाकणं म्हणजे दवंडीच पिटणं. दुसरं, वर्षअखेर तोंडावर असताना माणूस गेला आणि दोन महिन्यांसाठी कुणीतरी आयतं हवं, तेव्हा. तात्पुरती माणसं पुरवणं हे चांगल्या एजन्सीचं सर्वांत प्रामाणिक काम आहे असं माझं मत आहे. तो माणूस पुढे कायम केला तर किती द्यायचं, हे फक्त आधी लिहून घ्या. तिसरं, पद इतकं विशेष की तसे लोकच मोजके: ट्रेझरी (कंपनीच्या रोख रकमेचं आणि कर्जाचं नियोजन), अनेक देशांतल्या कंपन्यांचे एकत्रित हिशेब, असं काही. बाकी ज्युनिअर अकाउंटंट, बिलिंग, पेमेंट्स यांसाठी ज्याच्याकडे तपासणारा माणूस आहे त्याने फी देऊ नये, असं मी स्पष्टच सांगते.

एक गोष्ट उमेदवारांसाठी. नोकरी लावून देते म्हणून तुमच्याकडे पैसे मागणाऱ्या एजन्सीपासून लांब राहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं सातवं कलम म्हणतं की खासगी एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने शुल्क घेऊ नये; अपवाद आहेत, पण ते सरकारने ठरवायचे असतात, एजन्सीने नाही. मालकांनीही हे विचारावं. दोन्हीकडून पैसे घेणारी नेमकी कुणाचं काम करतेय?

करार वाचताना मी सरळ रिप्लेसमेंटच्या कलमावर जाते. माणूस तीन महिन्यांत सोडून गेला तर दुसरा देऊ, असं बऱ्याच करारांत असतं. फायनान्ससाठी हे फार अपुरं आहे. पहिला महिना शिकण्यात जातो, दुसऱ्यात जुन्याची शिल्लक निस्तरायची असते, आणि कस लागतो तो वर्षअखेरीला. तोवर हमी कधीच संपलेली असते. मुदत वाढवून मिळते का ते विचारा. नाहीच मिळाली तर रुजू होण्याची तारीख अशी धरा की निदान एका तिमाहीचं क्लोजिंग त्या मुदतीत पडेल. बिल अमुक दिवसांत भरलं नाही तर हमी रद्द, अशी ओळ बारीक अक्षरांत बहुधा असतेच. ती आपल्याच पेमेंट्सच्या टेबलवर नेऊन ठेवा. आणि तुम्ही काढून टाकलं तर हमी लागू की फक्त त्याने सोडलं तर, हेही नीट वाचा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो मला लहान व्यवसायवाले नेहमी विचारतात: आमच्याकडे फायनान्स कळणारं कुणीच नाही, पहिलाच माणूस घेतोय, मग तपासणार कोण? अशांना एजन्सीचा आधार वाटतो, आणि नेमकं तिथेच एजन्सी सर्वांत कमी उपयोगी पडते. बाहेरचा अनुभवी अकाउंटंट एका दुपारपुरता मानधन देऊन बोलवा. तुमचा स्वतःचा ऑडिटर नको; उद्या ज्याचे हिशेब तपासायचे त्याला त्यानेच निवडणं हे त्याच्या स्वतंत्रतेच्या नियमांत अडचणीचं ठरू शकतं. जो बोलवाल त्याच्याकडून चाचणीचा कागद बनवून घ्या, शेवटच्या दोन-तीन उमेदवारांना त्याच्यासमोर बसवा आणि त्याचं मत लेखी घ्या. उमेदवार एजन्सीने आणलेले असोत की तुमच्या जाहिरातीवरून आलेले, ती दुपार चुकवू नका. तिचं मानधन एजन्सीच्या फीच्या शेजारी लिहून पाहा, आणि मग एजन्सीला फोन करायचा की नाही ते ठरवा.