डोकी मोजण्याआधी मीटर बघा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: हवामान बिघडलं ते लोकसंख्येमुळे, गरिबांनी पोरं कमी केली की प्रश्न मिटला, श्रीमंत देशांनी आपला धूर केव्हाच कमी केलाय, बाकी जगापुढे नेते तरी काय करणार? खाली चौदा अंगठे. पंधरावा माझा नाही.

आधी पोरांचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा प्रजनन दर (बाईमागे सरासरी मुलं) २.० आला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे ज्यांना उपदेश चाललाय त्यांचं ते बरंचसं करून झालंय. कुटुंब लहान असावं, बाईच्या तब्येतीसाठी आणि तिला हवं म्हणून, याबद्दल माझं दुमत नाही. पण धुराचा हिशेब डोक्यांवर लागत नाही. नायजरमध्ये बाईमागे सहाच्या आसपास मुलं, आणि माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला जेमतेम ०.१ टन. भारतात तो २ टनांच्या आसपास, अमेरिकेत साधारण १४.

सातपट. एवढी तफावत बघायला अमेरिकेला जायला नको. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिघ्याला राहतात, घरात पाच माणसं. मे महिन्यात त्यांचं महावितरणचं बिल मीच मोबाइलवरून भरलं: ९२ युनिट. त्याच महिन्यात आमचं, तिघांचं, ४१०. माणशी काढा, पुन्हा सातपटच, वर थोडं जास्तच. तीन मुलं त्यांना, एक आम्हाला, आणि लोकसंख्येचा फॉरवर्ड येतो आमच्या ग्रुपवर! (दोन एसी आहेत आमच्याकडे. नाकारत नाही.)

श्रीमंतांनी धूर कमी केला, हे अर्धं खरं. ब्रिटनचं उत्सर्जन १९९० च्या निम्म्यावर आलंय, कोळशावरची वीजकेंद्रंही त्यांनी बंद केली. पण तिथे वापरले जाणारे कपडे, फोन, खेळणी ज्या कारखान्यांत बनतात, त्यांचा धूर चीन-बांगलादेशच्या खात्यावर पडतो.

आणि नेत्यांच्या हातात काही नसतं? १९८७ च्या माँट्रियल कराराने फ्रिजमधले, स्प्रेमधले ओझोन खाणारे वायू जगभरातून हटवायला घेतले आणि ते जवळपास हटलेही. लोकसंख्या तेव्हाही वाढतच होती. उलट १९९७ मध्ये, धूर कमी करण्याच्या क्योटो कराराआधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला नको. गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून देण्याचं वचन २००९ चं. तो आकडा गाठला २०२२ मध्ये.

आमच्या गच्चीवर सोलर बसवायचा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत पडला. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यावर निघालं असतं. विरोधात हात वर करणाऱ्यांतले नऊ जण आज त्या चौदा अंगठ्यांत आहेत.