चपला बाहेर काढा

कॉम्प्युटरला व्हायरसपासून जपायचं असेल, तर सगळ्यात आधी चपला बाहेर काढा. ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात बूट काढून, भोकं पडलेल्या मोज्यांनिशी आत जाऊन 'पेंट'मध्ये झोपडी काढली, त्यांना हे सांगायला नको. सर म्हणायचे, व्हायरस येतो. धुळीतून येतो की मोज्यांतून, हे विचारायची तेव्हा कुणाची टाप नव्हती. घरीही हेच सोवळं पाळा. मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर, दसऱ्याला सीपीयूवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एवढं केल्यावर इंटरनेटवरून काय येतंय ते बघायची गरज उरत नाही.

मग पाहुणचार. सातबाऱ्याची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या. त्याच्या कॉम्प्युटरात सकाळपासून निम्म्या पेठेचे पेन ड्राइव्ह जेवून गेलेले असतात. घरी आलात की तो तसाच खुपसा. स्कॅन वगैरे करू नका, आलेल्याची दारात झडती घेणं बरं दिसत नाही. आत 'बारसं फोटो' या फोल्डरच्या कोपऱ्यात आता एक छोटासा बाण दिसेल. खरं फोल्डर व्हायरसने लपवलंय आणि त्याच्या नावाचा शॉर्टकट तिथे मांडलाय. तुम्ही डबल क्लिक करा. बारशाचे फोटो उघडतील, बाळ हसेल, आत्याबाई पाळण्याशी दिसतील. व्हायरस तोवर मागच्या दाराने माजघरात पोचलेला असतो. फोटो दिसले ना, मग झालं तर!

फाइलचं आडनाव, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारं एक्स्टेन्शन, मात्र कधी विचारू नका. विंडोज ते मुळातच झाकून ठेवतं. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' नावाच्या व्हायरसने याच झाकपाकीचा फायदा घेतला. ईमेलसोबतच्या प्रेमपत्राच्या नावाशेवटी 'टीएक्सटी' दिसत होतं, त्यापुढचं 'व्हीबीएस' दिसत नव्हतं. म्हणजे पत्र नव्हतंच, प्रोग्राम होता. लोकांनी उघडला आणि त्याने त्यांच्या ॲड्रेस बुकातल्या प्रत्येकाला तेच प्रेमपत्र धाडलं, साहेबांनासुद्धा. एरवी आपण आडनाव कळल्याशिवाय खोली भाड्याने देत नाही. 'इनव्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई' आलं की मात्र आपल्याइतका पुरोगामी माणूस शोधून सापडायचा नाही.

सॉफ्टवेअर विकत घेणं हा आपल्याकडे वेडेपणा समजला जातो, तेव्हा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत, उतरवा. सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. आज्ञा पाळा. चोराने निरोप धाडावा, मी येतोय, तेवढा वॉचमनला चहाला पाठवा. आणि आपण वॉचमनच्या हातावर वर दहा रुपयेही ठेवावेत, तसं हे. काही सावध मंडळी याची भरपाई म्हणून दोन-दोन अँटिव्हायरस टाकतात. ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात.

अपडेट आलं की 'नंतर आठवण करा' दाबा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं. जगाने 'नंतर' म्हटलं. १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला, फायलींना कुलूप घातलं आणि किल्लीचे ३०० डॉलर मागितले, तेही बिटकॉइनमध्ये. एवढं होऊनही 'नंतर'वाले उरलेच होते. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, तोही इतर वाटांबरोबर ही वाट वापरत, आणि न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. यात तर पैसे भरूनही फायली परत मिळायची सोय नव्हती. बंदरावर जहाजं खोळंबू शकतात, तर तुमची मालिका बघायच्या वेळी कॉम्प्युटर दहा मिनिटं रीस्टार्टसाठी का खोळंबावा?

बॅकअप घ्यायचाच असेल तर डी ड्राइव्हवर घ्या. सी आणि डी बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. म्हणजे दागिन्यांचा डबा तिजोरीच्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवून निर्धास्त झोपायचं.

इतकं करूनही एखाद्या सकाळी स्क्रीन निळी झालीच, तर भाच्याला फोन करा. प्रत्येक घराण्यात असा एक भाचा असतोच. तो बारावीला असतो आणि त्याला 'फॉरमॅट मारता' येतं. त्याला पोहे द्या, वर लिंबू पिळा, खोबरं जरा सढळ हाताने घाला. तो चपला बाहेर काढून येईल, खुर्चीत मांडी घालेल आणि फोटो गेले म्हणून मामी डोळ्याला पदर लावत असताना दोन तासांत कोरंकरकरीत विंडोज टाकून देईल. मग हात पुसत खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढेल आणि म्हणेल, "मामा, ऑफिस टाकून देतो, क्रॅक आहे माझ्याकडे. दोन मिनिटं तो अँटिव्हायरस बंद करू ना?"