एक वर्षाचा कागद

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. साताऱ्याकडच्या आयटीआयमधून सुतारकाम शिकलाय, सध्या पुण्यात मॉड्युलर किचन बसवणाऱ्या एकाकडे आहे. फराळाची चौकशी झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, जर्मनचं बी-वन झालं की तिकडं बोलावतील ना?"

बी-वन म्हणजे जर्मन भाषेची मधली पातळी. त्याच्या डोक्यात होता 2024 सालचा महाराष्ट्र आणि जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा करार. सुरुवातीला दहा हजार कुशल माणसं पाठवायची, नर्सपासून प्लंबरपर्यंत. यादीत सुतारही होते. मी याच राज्यात, श्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात मी आपोआप त्या कराराचा प्रवक्ता झालो. ग्रुपवर दोन मतं ठरलेली. एक काका म्हणतात, शिकलेल्या पोरांना युरोपात रंधा मारायला कशाला धाडायचं? दुसरे म्हणतात, इथली फर्निचरची कामं राजस्थानी मिस्त्रींनी केव्हाच घेतली, निदान तिकडं तरी जाऊ देत.

मी अठरा माणसांच्या कारखान्यात ड्रॉइंग आणि कटिंग लिस्ट काढतो. आम्ही हॉटेलांचे रिसेप्शन काउंटर, भिंतींचं लाकडी पॅनेलिंग, जिने, दारं असली कामं करतो. दोन वर्षांपासून नोकरीच्या मुलाखतींनाही मलाच बसवतात, कारण बाकी कुणाला वेळ नाही. एक टेबल चौदा महिने रिकामं आहे. या भागात गाड्यांच्या कारखान्यात पाळी केली तरी श्राइनरपेक्षा, म्हणजे दारं-कपाटं करणाऱ्या सुतारापेक्षा, जास्त पैसे मिळतात. पोरं तिकडं जातात, नाहीतर विद्यापीठात. म्हणजे माणसं हवीत, हे शंभर टक्के खरं.

पण 'सुतार हवेत' म्हणजे नक्की कोण? इथं छपराचं लाकूडकाम करणारा त्सिमरर वेगळा आणि दारं-कपाटं करणारा श्राइनर वेगळा. प्रशिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. आपल्याकडे बैलगाडीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं एकाच सुताराचं, म्हणून आपल्या यादीत एकच शब्द.

खरी मेख पुढे आहे. मार्च 2024 पासून नियम सैल झाले. आपलं शिक्षण इथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे असा दाखला नसला तरी अनुभवी कामगाराला व्हिसा मिळू शकतो. अट अशी की मायदेशी सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण हवं, वर दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेचा पगार. आपल्या आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स एक वर्षाचा. ग्रुपवर सहा महिने बी-वनचा काथ्याकूट चाललाय, पण या एका वर्षाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. भाषा पोरगं शिकेल. नसलेलं वर्ष कुठून आणेल?

कागदाचं हे वेड मला आधी मूर्खपणाचं वाटायचं. आमच्याकडे एक सीरियन गृहस्थ एक दिवस चाचणीला आले होते. लहानपणापासून वडिलांच्या दुकानात काम केलेले, हातात कागद एकही नाही. त्यांना ओकच्या लाकडाचा एक ड्रॉवर करायला दिला. रंधा असा मारला की पातळ, अख्खी लांब साल निघाली. आमचा मास्टर, म्हणजे सुतारकामाची वरची परीक्षा दिलेला कारागीर, ती उजेडासमोर धरून बघत बसला. डोव्हटेल, म्हणजे स्क्रूशिवाय एकमेकांत अडकणारे सांधे, हातोडीच्या दोन टोल्यांत बसले. मग ड्रॉइंग दिलं आणि गाडी अडली. मापं कुठून धरायची, पॅनेल सॉवर, म्हणजे फळ्या कापायच्या मशीनवर, कुठला तुकडा आधी, कडेला चिकटवायच्या पट्टीची जाडी वजा करायची की नाही. आज ते 34व्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसून श्राइनर होताहेत. मला त्यांचं वाईट वाटतं आणि मास्टरचंही पटतं. मशीनला हात लावण्याआधी सुरक्षेचा वेगळा कोर्स करावा लागतो. आमच्याकडे सगळ्यांची दहाही बोटं शाबूत आहेत.

हे मला पुण्यात आठवलं. धायरीच्या फ्लॅटचं किचन करायला चौघं आले होते, तिथंच प्लायवर झोपायचे. मोठ्या मिस्त्रीनं अख्खं कपाट पेन्सिलनं भिंतीवर खऱ्या मापात काढलं. ड्रॉइंग मागितलं तर भिंतीकडे बोट. काम सुरेख झालं. त्यांच्यातलं सोळा-सतराचं पोरगं मात्र गार्ड काढलेल्या कटरवर सनमायका कापत होतं, पायात स्लिपर. चौरस फुटावर दर ठरलेला. पोराला शिकवायला मिस्त्री तासभर थांबला तर नुकसान त्याचंच. मराठी असो वा राजस्थानी, त्या पोराच्या शिकण्याचे पैसे कोण देणार, हे आमच्या दोन्ही काकांपैकी कुणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार मिळतात, मूलभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचं. काम येणाऱ्याला ते ठीक. शिकवणाऱ्याच्या पदरात काय?

इथं ते पैसे तीन वर्षं शाळा आणि कारखाना मिळून मोजतात. अर्थात इथलं सगळं गुळगुळीत नाही. मास्टरची परीक्षा दिल्याशिवाय एरवी स्वतःचा कारखानाही काढता येत नाही. धायरीच्या मिस्त्रीला धंद्यासाठी कटर आणि सेकंडहँड स्कूटर पुरली होती.

भाच्याला मी सांगितलं, तयार कामगार म्हणून येऊ नकोस, शिकाऊ म्हणून ये. पण या राज्यात श्राइनरचं पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ शाळेत जातं आणि त्या वर्षी बहुधा पगार नसतो. तेवढी सोय आधी बघ. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून, मामा?"

परवा त्यानं स्वतः केलेल्या ड्रॉवरचा फोटो पाठवला. मी कोपरा मोठा करून बघितला आणि सांधा कसला म्हणून विचारलं.

"सांधा कसला मामा, स्क्रू आणि फेविकॉल. शेठ म्हणतो, आत कोण बघतंय."