जॉन ब्रॅकन राजकारणाबाहेरचे नव्हते

शेतीशी संबंधित ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने जॉन ब्रॅकन या शेतकरी-प्राध्यापकाला निवडणूक न लढवता थेट मुख्यमंत्री केलं. त्यांनी वीस वर्षं पक्षाशिवाय, घोटाळ्याशिवाय कारभार केला, शेतकऱ्यांना भरभरून दिलं आणि पुढे ते पंतप्रधान होता होता राहिले. म्हणून राजकारणी हाकला, तज्ज्ञ बसवा. ब्रॅकन मला मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या नावावर खपवलेलं हे खोडून काढायला हवं.

शेतकरी आणि प्राध्यापक, हे मात्र खरं आहे. १८८३ मध्ये ऑन्टॅरिओत शेतकरी घरात जन्म, ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयातून १९०६ मध्ये पदवी, १९१० पासून सस्कॅचेवान विद्यापीठात पीकशास्त्राचे प्राध्यापक. पश्चिम कॅनडातल्या कोरडवाहू शेतीवर त्यांनी पुस्तक लिहिलं. तिथे पाऊस कमी आणि हंगाम आखूड. मग एक वर्ष रान पड ठेवायचं, उगवलेलं तण मोडत राहायचं आणि ती ओल पुढच्या वर्षीच्या गव्हासाठी राखायची. सोलापूरकडे खरिपात रान पड ठेवून रब्बीची ज्वारी घेणाऱ्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. १९२० मध्ये ते मॅनिटोबा कृषी महाविद्यालयाचे प्रमुख झाले.

आता ‘निवडणूक न लढवता’. १९२२ ची निवडणूक युनायटेड फार्मर्स ऑफ मॅनिटोबा या शेतकरी संघटनेने जिंकली. त्यांनी नेता मात्र ठरवलेलाच नव्हता. शेतकरी चळवळीतले बडे नेते टी. ए. क्रेरार नाही म्हणाले, तेव्हा ब्रॅकन यांना गळ घातली गेली. म्हणजे जनादेश संघटनेचा होता, गावोगाव बांधलेल्या संघटनेचा. आणि ब्रॅकनही निवडणुकीतून सुटले नाहीत. द पा या उत्तरेकडच्या मतदारसंघात मतदान उशिरा व्हायचं होतं, तिथून ते ऑक्टोबरमध्ये निवडून आले. जंगल, फरचा व्यापार आणि खाणींचा तो मुलूख. गव्हाचा हा प्राध्यापक पुढची वीस वर्षं तिथलाच आमदार राहिला आणि उत्तरेतल्या खाणी व रेल्वे हा आपला विषय करून बसला. मतदारसंघ राखायला लागतं ते सगळं त्यांनी केलं, आणि त्यालाच राजकारण म्हणतात.

‘पक्षाशिवाय’ हा शब्द तर फारच फसवा आहे. ब्रॅकन पक्षांपासून लांब राहिले नाहीत, त्यांनी एकेक पक्ष आत ओढला. १९३२ मध्ये लिबरलांशी हातमिळवणी. १९३६ मध्ये बहुमत गेलं, तेव्हा सोशल क्रेडिट या पक्षाच्या पाच आमदारांचा टेकू. १९४० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आणि सीसीएफ हा समाजवादी पक्षसुद्धा सरकारात, आणि सीसीएफचे नेते सेमूर फार्मर कामगारमंत्री! एवढं जमवायला राजकारणी लागतो, तोही मुरलेला. याची किंमतही होती: सभागृहात जाब विचारणारं फारसं कुणी उरलं नाही.

घोटाळा? १९२८ मध्ये सेव्हन सिस्टर्स धबधब्याची वीजनिर्मितीची जागा सरकारने विनिपेग इलेक्ट्रिक या खासगी कंपनीला दिली. दोन मंत्र्यांनी त्याच कंपनीचे शेअर घेतल्याचं निघालं, चौकशी आयोग बसला आणि १९२९ मध्ये दोघांना राजीनामे द्यावे लागले. ब्रॅकन यांच्यावर वैयक्तिक ठपका आला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण ‘एकही घोटाळा नाही’ हे साफ खोटं.

‘भरभरून दिलं’ हे त्याहून उलटं. त्यांची ख्याती हात आखडता ठेवणारा माणूस अशी होती. १९२३ मध्ये प्रांतात आयकर त्यांनीच आणला, आणि मंदीत, १९३३ साली, पगारावर दोन टक्क्यांचा कर लावला. शेतकरी ही काटकसर मानत होता, कारण तोही तशीच करत होता. शहरातल्या मजुराने काय करायचं? १९२१ मध्ये प्रांताची सुमारे तीस टक्के वस्ती राजधानी विनिपेगमध्ये होती, विधानसभेच्या ५५ पैकी जागा मात्र दहाच. ही वाटणी ब्रॅकन यांच्या आधीची, पण त्यांनी ती तशीच ठेवली आणि तिचा फायदा घेतला. ज्यांना तज्ज्ञांचं निःपक्ष राज्य हवंय त्यांनी या आकड्यांपाशी जरा थांबावं.

शेवटचा मुद्दा, ते पंतप्रधान होता होता राहिले म्हणे. डिसेंबर १९४२ मध्ये ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले. त्यांच्याच अटीवरून पक्षाच्या नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ जोडलं गेलं. पण जून १९४५ पर्यंत ते लोकसभेबाहेर राहून दौरेच करत बसले. सभागृहात पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना रोज भिडायचं काम दुसऱ्यांवर पडलं. त्या जूनमधल्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा २४५ पैकी सत्तर जागाही हाती आल्या नाहीत. ज्या सस्कॅचेवानमध्ये त्यांनी गव्हाचे धडे दिले, तिथे २१ पैकी एक जागा मिळाली, तीही पुढे पंतप्रधान झालेल्या जॉन डिफेनबेकर यांची. १९४८ मध्ये ब्रॅकन यांनी नेतेपद सोडलं.