रोहूपासून सुरुवात का केली: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. माशांच्या इंग्रजी-स्पॅनिश नावांबद्दल मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी परत वाचली. नुसतं थँक्यू लिहून सोडून द्यावं असं नाही वाटलं, म्हणून सविस्तर लिहून राहिली आहे. तुमचे मुद्दे तीन. नागपूरला समुद्र नाही, मुंबई इथून ८०० किलोमीटरच्या वर, मग आपल्या पोरांनी परक्या भाषेत माशांची नावं घोकून करायचं काय. दुसरं, आधी व्याकरण पक्कं करा, याद्यांनी भाषा येत नसते. आणि तिसरं, मी रावससमोर सॅमन लिहिलं ते चूक आहे.

तिसरं आधी घेते, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. रावसला बाजारात इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, मी त्यातलं इंडियन गाळलं आणि शेजारी स्पॅनिशचं सालमोन टाकून दिलं. रावस आपल्या किनाऱ्याच्या उबदार पाण्यातला, त्याचं कूळच वेगळं. सॅमन थंड पाण्यातला, समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. दोघांचं नातं फक्त दुकानाच्या पाटीवर. ती ओळ काढून टाकली.

आता समुद्राचं. समुद्र नाही हे खरं, पण मासे नाहीत असं कुठे आहे? माझी आजी पवनीकडची, वैनगंगेच्या काठची, ढिवराच्या घरातली. आमच्या घरी रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगाडा, मागूर, झिंगे ही नावं लेकरांना बोलायला लागल्यापासून येतात. माझ्या भाचीला शाळेत इंग्रजीच्या पेपरात पाच माशांची नावं लिहा असं आलं, तिने रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगाडा लिहिलं आणि पाचही चूक, कारण पुस्तकात सॅमन, टुना, कॉड होते. पोरगी घरी येऊन म्हणे, मावशी, आपले मासे इंग्रजीत नसतातच का? तो लेख मी त्या प्रश्नासाठी लिहिला भाऊ. कारण असतात ना! रोहू हा शब्द इंग्रजी डिक्शनरीत आहे, कटलाला इंग्रजीत कटलाच म्हणतात. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या माशांवर ग्रंथ छापला, त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घेतली, म्हणून आजही जगभर रोहूचं शास्त्रीय नाव लाबिओ रोहिता आहे. ज्या लेकराला हे माहीत आहे ते पेपरात रोहू लिहून मान खाली घालणार नाही.

मरळला इंग्रजीत स्नेकहेड, डोकं सापासारखं म्हणून, आणि स्पॅनिशमध्येही तसंच, सापाच्या डोक्याचा मासा. वामला स्पायनी ईल म्हणतात, ईल म्हणजे सापासारखा लांब मासा, पण ती खरी ईल नव्हे, त्यामुळे तिच्यापुढे खऱ्या ईलचं स्पॅनिश नाव आंगिला लिहायचं नाही, नाहीतर परत रावससारखं होईल. झिंग्यांना स्पेनमध्ये गाम्बा आणि मेक्सिकोकडे कामारोन. रोहूला स्पॅनिशमध्ये रोजच्या बोलण्यातलं नावच नाही, कारण त्यांच्या नदीत तो नाही, तिथे कार्पाच्या (इंग्रजीत कार्प) जातीतला मासा असं समजावून सांगावं लागतं. हे समजावून सांगणं हाच तर बोलण्याचा सराव झाला.

आणि व्याकरणाचं म्हणाल तर मला ते मासोळी बाजारातच नीट कळलं. इंग्रजीत पाण्यात पोहतो तो फिश आणि ताटात पडतो तोही फिश. स्पॅनिशमध्ये जिवंत तो पेस (स्पेनमध्ये पेथ म्हणतात), आणि पकडून बाहेर काढलेला, खायचा, तो पेस्कादो. मी कितीतरी महिने घोळ करत होते. मग एका रविवारी भोईपुऱ्यात गेले तर मावशीसमोर बर्फावर रोहू मांडलेले आणि बाजूच्या टबात मरळ फिरत होते, मरळ वरची हवा घेतो म्हणून तसाच जिवंत विकायला येतो. मावशी म्हणाली, "कोन्ता देऊ ताई, हा का टबातला?" आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं, बर्फावरचा पेस्कादो, टबातला पेस. मी मरळ घेतला, मावशीने पावशीवर धरला आणि डोळ्यांदेखत पेसचा पेस्कादो झाला. पेस्कादो म्हणजे शब्दशः पकडलेला, पेस्कार या क्रियापदापासून, म्हणजे भूतकाळाचं कृदंत तुमच्या हातातल्या पिशवीत. ज्यात मासे पाळतात ती काचपेटी पेसेरा, जिथे विकतात ते दुकान पेस्कादेरिआ. हा फरक मला पुस्तकातून दहादा वाचून नव्हता बसला.

अजून एक सांगते, हे मला सगळ्यात आवडतं. माशाच्या हाडाला इंग्रजीत बोनच म्हणतात, कोंबडीच्या हाडासारखं. मराठीत आपण माशाचं हाड म्हणत नाही, काटा म्हणतो. स्पॅनिशमध्येही एस्पिना, म्हणजे गुलाबाचा काटा तोच माशाचा काटा, बाकी जनावरांच्या हाडाला वेगळा शब्द, उएसो. आजीने आम्हाला काटे काढून घास भरवले, तोच शब्द सातासमुद्रापार तसाच्या तसा विचार करून बनलेला बघितला तेव्हा मला खरंच भरून आलं. तसंच माशाच्या कल्ल्यांना स्पॅनिशमध्ये आगायास म्हणतात आणि त्या भाषेत कल्ले असणं म्हणजे हिंमत असणं. आणि बोकेरोन नि आन्चोआ हा एकच मासा, ताजा किंवा व्हिनेगरमधला असला की बोकेरोन, मिठात मुरवला की आन्चोआ. आपल्याकडे कोकणात कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात, तसं.

पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात एक गोष्ट बरोबर आहे ती मान्य करते. मी शेवटी ४० नावांची जी यादी टाकली ती नुसती यादीच होती, त्यातले निम्मे मासे मी स्वतः कधी हातात घेतलेले नाहीत. ती कापून बारावर आणते, आणि प्रत्येकासोबत एक वाक्य देते, कसा दिसतो, कुठे मिळतो, काटे किती. स्पॅनिशमध्ये कार्पा स्त्रीलिंगी, सालमोन पुल्लिंगी, तेही वाक्यात आपोआप येईल, वेगळा तक्ता नको.

तुम्ही गोंदियाकडचे आहात असं लिहिलं आहे. तुमच्याकडच्या बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तळ्यांमध्ये, पावसाळ्यात जी लहान मासोळी मिळते तिला तुमच्या गावात काय काय म्हणतात ते लिहून पाठवा, जमलं तर फोटोसकट. आमच्या पवनीच्या नावांशी ताडून बघते आणि मगच त्यापुढे इंग्रजी-स्पॅनिश लिहिते.